मोहाच्या झाडावरची तार

आज भारी धानाला विळा लागला. हलका धान दिवाळीच्या आसपास घरात येऊन जातो. भारी धान मात्र थंडी अंगावर घेत उभा राहतो, आणि मग एका सकाळी दव वाळलं की बायका बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उतरतात. कापलेल्या धसकटांचा ओलसर गोड वास, त्यांच्या मधून डोकावणारी, उभ्या धानातच पेरलेल्या लाखोळी डाळीची कोवळी पानं, भारे बांधताना होणारी कोरडी सळसळ. बैलांच्या पायाखाली होणारं चुरणं, म्हणजे मळणी, आता मशीनवर गेलं, पण वास तोच राहिला आहे. तो आला की मी थोडा वेळ बांधावर नुसता उभा राहतो. लोकांना वाटतं, मालक कामावर लक्ष ठेवून आहे. मी तेव्हा एका जुन्या हंगामात गेलेलो असतो. नवं शतक नुकतंच लागलं होतं. त्या हिवाळ्यात माझे सासरे आमच्या घरी होते आणि त्यांना आवाज नव्हता.

आमचं गाव चामोर्शीपासून थोडं आत, वैनगंगेच्या बाजूला. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजींची सगळी नोकरी भद्रावतीच्या फॅक्टरीत झाली आणि सगळी हौस कॉलनीतल्या क्वार्टरच्या एका लहानशा खोलीत. त्या खोलीत त्यांचा हॅम रेडिओ होता. हा हौशी लोकांचा रेडिओ असतो. परीक्षा देऊन सरकारकडून परवाना घ्यायचा, आपला सेट लावायचा आणि जगात कुठेही बसलेल्या दुसऱ्या हौशी माणसाशी गप्पा मारायच्या. मी सुनंदाला बघायला गेलो तेव्हा चहा यायच्या आधी मामाजींनी मला त्या खोलीत नेलं. मला मुलगी बघायची होती. त्यांनी मला आधी जपान ऐकवला.

ते रेडिओवर बोलायचे तेव्हा त्यांचा आवाज तीन क्वार्टर पलीकडे जायचा. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "रेडिओ कायले लावता? असंच बोला, जपानले ऐकू जाते." मामाजी हसायचे आणि आणखी मोठ्यानं बोलायचे. माझ्याशी मात्र ते फारसं बोलत नसत. जावई आणि सासरा यांच्यात जेवढं बोलायची रीत आहे तेवढं: पाऊस कसा आहे, बस वेळेवर आली का, जेवून घ्या.

आधी सासूबाई गेल्या. मग मामाजी निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांचा आवाज बसला. सर्दी असेल, सर्दी असेल, म्हणता म्हणता नागपूर गाठावं लागलं. डॉक्टरांनी घशातली गाठ काढली आणि तिच्यासोबत आवाजाची पेटीही काढावी लागली. श्वासासाठी गळ्याला खाली एक छिद्र ठेवलं. ऑपरेशनला जायच्या आधी मामाजींनी आपले सगळे सेट रेडिओ शिकवलेल्या शिष्यांना वाटून टाकले होते. बोटानं मोर्सच्या खुणांची कट-कट तरी करता आली असती, पण ऑपरेशनमध्ये उजव्या खांद्याची नस दुखावली आणि हाताचा तो ताल गेला.

त्यांना आमच्याकडे आणलं तेव्हा धान कापणीला आला होता. मुलीच्या घरी राहायचं म्हणजे पाहुण्यासारखं चार दिवस, असं मानणाऱ्या पिढीतले ते. ओसरीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. खळ्याची धूळ छिद्रात जाऊ नये म्हणून सुनंदानं जुन्या पातळ लुगड्याचे चौकोन शिवून त्यांना नाड्या लावल्या होत्या. ते गळ्यात बांधायचे. बोलायला म्हणून तिनं पाटी-पेन्सिल आणून ठेवली. मामाजींनी पाटी उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि खाटेखाली सरकवून दिली. जेवणाचं ताट आलं की दोन घास खाऊन बाजूला सारायचे. नव्या तांदळाचा भात, ज्याचा वास शेजारच्या घरापर्यंत जातो, तोसुद्धा तसाच राहायचा. सुनंदा चुलीपाशी बसून रडायची. "बाबा माह्या हातचं खाऊन नाई राह्यले," म्हणायची. "मले शिक्षा देऊन राह्यले का?"

मग तो दिवस आला. भाऱ्यांनी भरलेली बैलगाडी अंगणात लागली होती. सुनंदा चाकापाशी वाकून सांडलेली लोंबं गोळा करत होती. मामाजी ओसरीत बसले होते आणि भारे आवळलेला दोर तुटत आलेला त्यांना तिथून दिसत होता. मी गाडीच्या पलीकडे होतो. मी पाहिलं ते एवढंच, की मामाजी ताडकन उभे राहिले, तोंड पूर्ण उघडलं आणि त्यातून काहीच आलं नाही. त्यांनी हातातली काठी भिरकावली. काठी बैलाला लागली, बैल बुजला, सुनंदा दचकून मागं सरली आणि तेवढ्यात अर्धी गाडी खाली आली. तिच्या दंडाला खरचटलं, बाकी काही झालं नाही.

"बाबा, काई नाई झालं मले," ती त्यांच्याकडे धावत गेली. "पाहा, हात हालून राह्यला."

मामाजी स्वतःच्या गळ्यावर मुठीनं मारत होते. मी त्यांचा हात धरला. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना पाया पडण्याशिवाय कधी हात लावला नव्हता. त्या हाताची ताकद कमी होईपर्यंत मी तो धरून ठेवला. त्यानंतर त्यांनी ते दोन घासही सोडले.

सुनंदानं चामोर्शीला जाऊन हमीदाबाईंना फोन केला. हमीदाबाई म्हणजे भद्रावतीच्या बांगडीवाल्यांची मुलगी. कॉलनीत मामाजी रविवारी परवान्याच्या परीक्षेचा वर्ग घ्यायचे. त्या वर्गात शिकून तिनं परवाना घेतला होता. आता ती शाळेत विज्ञान शिकवत होती. सुनंदापेक्षा थोडी मोठी. दोघी एकमेकींना ताई म्हणायच्या, त्यामुळं थोरली कोण ते कधी ठरलं नाही.

रविवारी ती आली. भद्रावतीहून चंद्रपूर, तिथं एसटी बदलून चामोर्शी आणि पुढं आमच्या गावाच्या फाट्यापर्यंत. खांद्याला एक पिशवी आणि हातात तारेचं वेटोळं. ओसरीत जाऊन तिनं म्हटलं, "नमस्ते, सर." मामाजींनी भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं नाही. तिनं आणखी एकदा म्हटलं. मग ती उठून अंगणात आली आणि डोळे पुसून मला म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडं उंच झाड कोणतं आहे?"

खळ्याच्या कडेला आमचं मोहाचं झाड आहे. मी वर चढलो, फांदीला दोरी टाकून तार वर घेतली. तारेचं एक टोक ओसरीच्या आढ्याला आणि दुसरं बांबूला. शेजारच्या गजाननभाऊंनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून दिली, कारण दिवसाची लाईट आमच्याकडे कधी राहील याचा भरवसा नव्हता. कापणीच्या बायका दुपारची शिदोरी खायला झाडाखाली बसल्या होत्या. त्यांच्यातल्या राधाबाई सगळ्यांत वयस्क आणि सगळ्यांत तोंडाळ.

"हे काय बांधून राह्यली वो बाई? कपडे वाळू घालाले?"

"नाई मावशी, बोलाले."

"तारेशी बोलते?" राधाबाईंनी कांद्याचा तुकडा तोंडात टाकला. "आमच्या घरचा माणूस खांबाशी बोलते, पण ते पिल्यावर."

सगळ्या हसल्या. हमीदाबाईही हसली. आणि तेवढ्यात मी पाहिलं, मामाजी ओसरीच्या पायरीवर येऊन उभे होते. ते बायकांकडे पाहत नव्हते, तारेकडे पाहत होते. कपाळाला आठ्या होत्या. ते हळूहळू खाली उतरले, झाडापाशी आले आणि डाव्या हातानं दाखवलं: ही बाजू उचला. तार मधे झोळ खात होती, शिवाय एक टोक पत्र्याला अगदी लागून गेलं होतं. हमीदाबाईनं कानाला हात लावला. "चुकलं, सर." मी पुन्हा चढलो. मामाजींनी खालून हाताच्या खुणेनं मला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे नाचवलं आणि तार हवी तशी झाली तेव्हा पंजा दाखवून थांबवलं.

पुढं कितीतरी वर्षं मी समजत होतो की तिनं तार मुद्दाम चुकीची बांधली होती, सरांना उठवायला. एकदा विचारलं तर ती लाजली. "नाई हो भाऊ, खरंच चुकली होती. खूप दिवसांनी बांधली ना."

सेट एवढासा होता, जेवणाच्या डब्याएवढा. कुठंही नेता येईल असा. त्याची शक्ती देवघरातल्या झिरोच्या बल्बाइतकी. नागपूरच्या कोण्या हॅम मित्राकडून तिनं एक जुना लॅपटॉप आणला होता. दोन्ही एका वायरीनं जोडले आणि इथून सेट वापरायच्या परवानगीचंही आपण पाहिलं आहे, हे मामाजींना आधी सांगून टाकलं. नियमांच्या बाबतीत ते कडक होते. मग ती त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर बसली.

"सर, याच्यात बोलाले नाई लागत. टाइप करायचं. लॅपटॉप अक्षरांची शिट्टी बनवते आणि सेट ते फेकते. तिकडं शिट्टीची परत अक्षरं होते. आवाज इतका बारीक असते का कधी कधी कानाले ऐकू बी नाई येत, पण अक्षरं येते."

मामाजींनी तिच्याकडे पाहिलं. विश्वास नव्हता त्या पाहण्यात, पण पाहिलं.

सेटमधून नुसती खरखर येत होती, सुपात धान पाखडल्यासारखी. स्क्रीनवर निळ्या रंगात एक बारीक पिवळी रेघ खाली उतरत होती. हमीदाबाईनं त्या रेघेवर बाण नेला. खालच्या पट्टीत आधी कचरा आला, नुसती चिन्हं, आणि मग त्या कचऱ्यातून एक अक्षर, मग दुसरं, मग एक पूर्ण शब्द. कुठला तरी माणूस कुठल्या तरी माणसाला आपलं नाव सांगत होता. मी कान सेटला लावला. मला खरखरीशिवाय काही ऐकू आलं नाही. त्या दुपारी मला पहिल्यांदा त्या खोलीचं वेड समजलं, जिथं मला मुलीच्या आधी जपान ऐकवला होता.

मामाजींनी डाव्या हाताचं एक बोट पुढं केलं. 'सीक्यू' ही हॅम लोकांची हाक असते: कोणी आहे का? त्यांनी ती टाइप केली, पुढं आपली ओळख-अक्षरं लिहिली. सेटवरचा लाल दिवा लागला, विझला. उत्तर नाही. पुन्हा हाक. उत्तर नाही. सुनंदा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बायका शिदोरी बांधून उठल्या होत्या, पण कामाला गेल्या नव्हत्या. चार-पाच वेळा हाक दिल्यावर मामाजींनी बोट मागं घेतलं, खाटेवर टेकून उठायला लागले.

"सर, एकदा," हमीदाबाई म्हणाली. "माह्यासाठी."

त्यांनी आणखी एकदा हाक दिली. खरखर तशीच होती. मग निळ्या रंगात एक रेघ उमटली, इतकी फिकट की आधी ती डोळ्यांचा भास वाटली. खाली अक्षरं येऊ लागली. काही गळालेली, काही चुकलेली, पण त्यांच्यात मामाजींची ओळख-अक्षरं होती. कोणी तरी त्यांना हाक देत होतं.

तो जावा बेटावरचा हार्तोनो नावाचा माणूस होता. इंग्रजी मोडकं, मामाजींचंही तसंच. हमीदाबाई आम्हाला मराठीत सांगत होती. त्यानं विचारलं, तुमच्याकडे हवामान कसं? मामाजींनी लिहिलं, थंडी, धानाची कापणी चालू. तिकडून आलं, आमच्याकडे पाऊस, धानाची रोवणी चालू.

"म्हणजे तिकडं बी धानच?" राधाबाई म्हणाल्या. "चिखलात उभं राहूनच मरते का तिकडच्या बाया?"

मामाजी लिहीत गेले. एका बोटानं, सावकाश. घाई कोणालाच नव्हती. मला तेव्हा जे कळलं ते असं, की हार्तोनोला मामाजींच्या गळ्याचं काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायची गरजही नव्हती. त्या तारेवर कोणालाच आवाज नव्हता. तिथं सगळे सारखेच बारीक होते. मामाजींनी आपल्या दुखण्याचा शब्दही काढला नाही. निरोप घेताना हार्तोनोनं लिहिलं, पुन्हा भेटू, मित्रा. मामाजी ती ओळ वर सरकून नाहीशी होईपर्यंत पाहत राहिले. मग त्यांनी वळून सुनंदाकडे पाहिलं आणि बोटांचा घास करून तोंडाशी नेला.

सुनंदा भांडी पाडत धावली.

हमीदाबाई सेट आणि लॅपटॉप त्यांच्याजवळ ठेवून गेली. घरी तिच्याजवळ मामाजींनीच दिलेला जुना सेट होता. शाळेच्या कॉम्प्युटरवर शिकून तिनं तिकडेही तशीच सोय करून घेतली होती. रोज तिची शाळा सुटली की दोघं तारेवर भेटायचे. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. धान कापणाऱ्या बायका परत निघायच्या त्या वेळी ओसरीत ती बारीक शिट्टी सुरू व्हायची आणि मोहाच्या झाडावर बगळे येऊन बसायचे.

एका संध्याकाळी सुनंदा चहा घेऊन त्यांच्या मागं उभी राहिली आणि स्क्रीनवर तिनं वाचलं: vaas yet nahi. kashachach nahi. bhat kapsasarkha lagto. श्वास नाकातून जात नाही म्हणून वास येत नाही, वास नाही म्हणून चव नाही. नव्या तांदळाचा भात कापसासारखा लागत होता. ही गोष्ट ते आम्हाला पाटीवर लिहून सांगू शकले असते. मुलीला कसं सांगायचं की तुझ्या हातचा भात कापसासारखा लागतो? शिष्येला सांगता आलं.

सुनंदा चहा तसाच ठेवून आत गेली. आत जाऊन रडली असेल असं मला वाटलं. गेलो तर ती अंबाडीची भाजी निवडत होती. "आंबट कळंल त्यायले," ती म्हणाली. "तिखट बी कळंल. मीच येडी, गोड गोड वास घेऊन बसली होती." त्या रात्रीच्या ताटात अंबाडीची आंबट भाजी होती, तिळाची चटणी होती आणि दाताखाली कुरकुरणारी मुगाची वडी. मामाजींनी ताट पुसून खाल्लं. चवीची गोष्ट आम्हाला कशी कळली, हे त्यांनी विचारलं नाही. पण त्यानंतर लिहिताना ते स्क्रीन थोडी दाराकडे वळवून ठेवू लागले, म्हणजे मागून जाणाऱ्याला वाचता यावं.

हळूहळू सेट बंद असतानाही लॅपटॉप उघडा राहू लागला. ते आमच्याशी त्यावर बोलू लागले. मला पहिलं वाक्य आलं ते चुरणं संपल्यावर. खळ्यात धानाची रास पडली होती, सुनंदा तिच्याभोवती झाडत होती. मामाजींनी मला बोलावलं. स्क्रीनवर होतं: jawaibapu, tumche dhan phar changle aahe.

मी वाचलं आणि विचारलं, "मामाजी, हे धान की धन?"

त्यांनी खळ्याकडे पाहिलं. मग एक बोट चालू लागलं: donhi.

आणि ते हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, गळ्याच्या फडक्याखालून नुसती हवा यायची, फडकं हलायचं. ते हसणं मी नंतर पुष्कळदा पाहिलं, पण ते पहिलं होतं.

कोणाचे उपकार मानायचे, असा प्रश्न मला या दिवसांत पडतो. हमीदाबाईचे आहेतच. ती म्हणते, सरांनी शिकवलं ते सरांना दिलं, त्यात माझं काय. गजाननभाऊंनी आपला ट्रॅक्टर उभा ठेवून पूर्ण दुपार बॅटरी दिली, ऐन हंगामात, आणि कशाला हवी हेही विचारलं नाही. जावा बेटावर एक माणूस त्याच वेळी आपल्या सेटपाशी बसला, आणि ज्या फिकट रेघेकडे कोणीही दुर्लक्ष केलं असतं तिच्यावर त्यानं बाण नेला. त्याच्या तिथं पाऊस थांबला असता आणि तो शेतावर गेला असता तर? राधाबाई म्हणायच्या, देव कोणाच्या बी हातात फुकणी देते, चूल पेटल्याशी मतलब. मला यापेक्षा जास्त काही सुचलेलं नाही.

मामाजी चार दिवसांचे पाहुणे म्हणून आले होते ते आमच्याकडेच राहिले. लाखोळी निघाली, मोह फुलला, पुन्हा रोवणी आली, आणखी हंगाम आले. चामोर्शीतल्या दोन शिक्षकांना त्यांनी परवान्याच्या परीक्षेला बसवलं. सगळा वर्ग टाइप करून. मार्कंड्याच्या जत्रेला माझ्यासोबत आले आणि वैनगंगेच्या वाळूत, देवळापासून दूर, काठी रोवून तार बांधली. लोक जमले. मी त्यांचा आवाज झालो होतो. ते लिहायचे, मी मोठ्यानं वाचायचो. इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

एका उन्हाळ्यात ते गेले. दुखणं परत आलं होतं, पण फार रेंगाळलं नाही. हमीदाबाई आली आणि ओसरीत त्यांच्या जागी बसून तिनं त्यांच्या मित्रांना ही बातमी दिली. दिवसभर रेघा उमटत राहिल्या. कोणी दोन शब्द लिहिले, कोणी प्रार्थना लिहिली. उन्हं उतरल्यावर हार्तोनो आला. त्याला तिनं पहिल्यांदाच सांगितलं की सरांना आवाज नव्हता, तुम्ही भेटलात त्याच्या आधीपासून.

तिकडून रेघ उमटली. मग अक्षरं आली. त्यानं विचारलं होतं, त्यांचा आवाज कसा होता?

हमीदाबाईनं सुनंदाकडे पाहिलं. "ताई, काय लिहू?"

सुनंदानं पदर तोंडाला लावला. विचार केला. "लिव्हा," ती म्हणाली, "आवाज आता नीट आठवत नाई मले. बोलणं सगळं आठवते."

हमीदाबाईनं त्याचं इंग्रजी केलं आणि पाठवलं. आम्ही तिघं त्या निळ्या रंगाकडे पाहत बसलो. थोड्या वेळानं, एक अक्षर गळालेलं, उत्तर आलं: मलाही.